हॅटला भोक पाडून कोर्टात फोटो काढणारा कायद्याचा डॉक्टर, ज्याच्यामुळे जगाला कॅन्डिड फोटो मिळाले

लग्नाचं बुकिंग करायला गेलं की फोटोग्राफर हमखास दोन रेट सांगतो. एक ट्रॅडिशनलचा, एक कॅन्डिडचा. ट्रॅडिशनलवाला स्टेजसमोर उभा राहून सगळ्यांना कॅमेऱ्याकडे बघायला लावतो, फ्लॅश मारतो आणि आहेराची रांग पुढे सरकते. कॅन्डिडवाला मात्र कुठल्यातरी खांबाच्या आडोशाला असतो. नवरीच्या आईनं डोळ्याला पदर लावला की याचं बटण दाबून झालेलं असतं. कुणाला पत्ताही लागत नाही.

त्याच्या बॅगेत एक बुटकी, रुंद तोंडाची लेन्स असते. तिला झूम नसतं. तशीच लेन्स नाट्यगृहात प्रयोगाचे फोटो काढणाऱ्याकडे असते, तशीच गाण्याच्या मैफलीत कोपऱ्यात मांडी घालून बसलेल्या फोटोग्राफरकडे असते. जिथे उजेड कमी आणि फ्लॅश मारायची सोय नाही, तिथे ही लेन्स हवीच. तिला प्राइम लेन्स म्हणतात. भरपूर उजेड आत घेणारी असली, तर फास्ट प्राइम.

ही लेन्स, फ्लॅश न मारता काढलेला फोटो आणि कॅन्डिड हा शब्द, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या एका माणसाच्या हातात. तो फोटोग्राफर म्हणून शिकलेला नव्हता. कायद्याची डॉक्टरेट असलेला, युद्धात कैदी झालेला, धंद्यात बुडालेला हा बर्लिनकर चाळिशी उलटल्यावर कॅमेऱ्याकडे वळला.

त्याचं नाव डॉ. एरिख सालोमन.

२८ एप्रिल १८८६ ला बर्लिनमध्ये एका श्रीमंत ज्यू घरात त्याचा जन्म झाला. वडील बँकर. घरात पैसा होता, त्यामुळे पोराला काय शिकायचं ते ठरवायला भरपूर वेळ मिळाला. त्यानं आधी प्राणिशास्त्र करून बघितलं, मग इंजिनिअरिंग, आणि शेवटी कायद्यात डॉक्टरेट मिळवली. वकिली मात्र फारशी केलीच नाही. मॅगी नावाच्या डच मुलीशी लग्न झालं, ओट्टो आणि दिर्क अशी दोन मुलं झाली.

मधे पहिलं महायुद्ध आलं. १९१४ मध्ये सालोमन जर्मन सैन्यात भरती झाला आणि युद्धाच्या पहिल्याच काही आठवड्यांत मार्नच्या लढाईत फ्रेंचांच्या हाती सापडला. पुढची चार वर्षं कैदेत गेली. तिथे दुभाष्याचं काम करता करता त्याचं फ्रेंच पक्कं झालं. याचा उपयोग पुढे होणार होता.

सुटून परत आला तेव्हा जर्मनीत महागाईनं थैमान घातलं होतं. १९२३ मध्ये तर सकाळचा पगार संध्याकाळी निम्म्या किमतीचा होत होता. सालोमन घराण्याचा पैसा त्यात वाहून गेला. त्यानं शेअर बाजारात नोकरी केली, पियानोच्या कारखान्यात भागीदारी केली. काहीच टिकलं नाही.

मग त्यानं गाड्या भाड्यानं द्यायचा धंदा काढला. त्यात साइडकार लावलेली मोटरसायकलही होती. जाहिरात अशी दिली, की गाडी चालवणारा कायद्याचा डॉक्टर आहे आणि गिऱ्हाइकाला प्रवासात कायद्याचा नि पैशाचा सल्लाही देईल. म्हणजे शेजारच्या डब्यात बसायचं, वारा खायचा आणि इस्टेटीचा प्रश्न विचारायचा.

धंदा चालला नाही, पण जाहिरात चालली. बर्लिनमधल्या उलश्टाइन या बड्या प्रकाशन कंपनीच्या लोकांनी ती वाचली. असली जाहिरात सुचणारा माणूस आपल्याकडे हवा म्हणून त्यांनी सालोमनला जाहिरात विभागात नोकरी दिली.

उलश्टाइनच्या मासिकांच्या जाहिराती घरांच्या, गोठ्यांच्या भिंतींवर लागायच्या. त्या भिंतींच्या भाड्यावरून मालकांशी भांडणं व्हायची, प्रकरण कोर्टात जायचं. कायद्याचं बघणाऱ्या सालोमनला पुरावा म्हणून भिंतीचा फोटो लागायचा. त्याचा कॅमेऱ्याशी संबंध आला तो असा, निव्वळ कागदपत्रांच्या कामापुरता.

मग एका रविवारची गोष्ट सांगितली जाते. सालोमन श्प्रे नदीकाठच्या एका हॉटेलात बसला होता. जोराचं वादळ आलं, झाड पडलं आणि त्याखाली एक बाई दगावली. सालोमननं धावपळ करून एक फोटोग्राफर गाठला, त्याच्याकडून फोटो काढून घेतले आणि उलश्टाइनला विकले. मिळाले १०० मार्क. त्यातले ९० फोटोग्राफरला द्यावे लागले. हिशेब समजायला डॉक्टरेटची गरज नव्हती. त्यानं स्वतःच कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

त्यानं जो कॅमेरा घेतला, त्यासाठी इथे थोडं थांबावं लागेल. कारण खरी गंमत तिथे आहे.

त्या काळी घरात किंवा हॉलमध्ये फोटो काढायचा म्हणजे मॅग्नेशियमची पावडर पेटवायची. ताटलीत पावडर, मोठा भडका, डोळे दिपवणारा उजेड आणि मागोमाग पांढऱ्या धुराचा लोट. तो खाली बसेपर्यंत सगळे खोकत. त्यामुळे कोर्ट, संसद, कॉन्सर्ट हॉल, परिषदा, सगळीकडे फोटोग्राफरला दारातच अडवलं जाई. आत घेतलंच, तर सगळ्यांनी ओळीत बसून, श्वास रोखून एक फोटो द्यायचा आणि त्याला बाहेर घालवायचं. त्या वेळच्या पुढाऱ्यांचे फोटो बघा, सगळे पेंढा भरल्यासारखे बसलेले दिसतात. त्यात त्यांचा दोष नव्हता, उजेडाचा होता.

यावर ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत तोडगा निघाला. तिथे लुडविग बेर्टेले नावाचा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा लेन्सची गणितं करत होता. त्यानं एर्नोस्टार नावाची लेन्स काढली. १९२४ मध्ये ती बसवलेला छोटा कॅमेरा बाजारात आला, एर्मानॉक्स. आधी ही लेन्स एफ २ होती, लगेच पुढे एफ १.८ झाली.

हा एफचा आकडा म्हणजे काय? लेन्सची फोकल लेन्थ भागिले तिच्या भोकाची रुंदी. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स म्हणजे जवळपास ४७ मिलिमीटर रुंद भोक. आणि उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आकड्यांचा वर्ग करावा लागतो. त्या काळी बऱ्याच कॅमेऱ्यांना एफ ४.५ ची लेन्स असायची. तिच्या तुलनेत एफ १.८ सव्वासहा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे पूर्ण एक सेकंद माणसाला पुतळ्यासारखं बसवावं लागे, तिथे आता सेकंदाचा सहावा हिस्सा पुरणार होता.

आज हेच गणित कॅमेऱ्यासोबत फुकट येणाऱ्या किट लेन्सला लावून बघा. ती झूम केली की साधारण एफ ५.६ वर जाते. तिच्यापेक्षा एफ १.८ ची प्राइम जवळजवळ दहा पट उजेड घेते. गॅदरिंगचे फोटो पुसट येतात म्हणून नवीन कॅमेरा घ्यायला निघालेल्यांनी आधी लेन्सकडे बघावं ते यासाठी.

आता कुणी म्हणेल, माझ्या मोबाईलच्या डब्यावरही एफ १.८ लिहिलंय. लिहिलंय ते बरोबरच आहे. पण मोबाईलच्या लेन्सची खरी फोकल लेन्थ काही मिलिमीटरच असते, त्यामुळे तिचं भोक तीन-चार मिलिमीटरच्या आसपास भरतं. एर्नोस्टारचं भोक पाच सेंटिमीटरच्या घरात होतं. मोबाईल ती कसर भरून काढायला एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकावर एक रचतो. स्थिर समईचा फोटो त्यामुळे झकास येतो, नाचणाऱ्या पोरीचा मात्र येत नाही.

मग झूम का नको? झूम करायचं तर आत हलणाऱ्या काचा वाढतात. त्या सगळ्यांसकट भोक मोठं ठेवायचं, तर लेन्स प्रचंड जड आणि महाग होते. शिवाय प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावरून थोडा उजेड परत फिरतो, आणि तेव्हा काचेवर आजच्यासारखं कोटिंगही नसायचं. बेर्टेलेनं काही काचा एकमेकींना चिकटवून मधल्या हवेच्या फटी कमी केल्या. एकच फोकल लेन्थ, मोजक्या काचा, मोठं भोक. जवळून हवं असेल तर आपणच पुढे जायचं.

पण फुकट काहीच मिळत नाही. भोक मोठं केलं की फोकस पातळ होतो. एर्मानॉक्सनं चार मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर जेमतेम सव्वा फुटाची पट्टी स्पष्ट यायची. तो माणूस बोलता बोलता खुर्चीत मागे टेकला, की नाक धूसर. त्यात हा रोलचा कॅमेरा नव्हता. साडेचार बाय सहा सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा एकेक करून घालायच्या. मागच्या दुधी काचेवर फोकस बघायचा, मग तिथे प्लेट बसवायची, झाकण ओढायचं, एक फोटो. पुन्हा पहिल्यापासून. प्लेटा उजेडाला आजच्या मानानं फारच मठ्ठ होत्या. त्यामुळे मोठ्या भोकाची लेन्स असूनही हॉलमध्ये पाव सेकंद, अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवावं लागे.

म्हणजे लेन्सनं अर्धंच काम केलं होतं. उरलेलं अर्धं सालोमनच्या अंगात होतं.

१९२८ साली बर्लिनमध्ये पाउल क्रान्ट्झ नावाच्या शाळकरी तरुणावर खटला चालू होता. श्रीमंत वस्तीतली पोरं, प्रेमाची भानगड, गोळीबारात दोन जीव गेलेले. सगळा देश त्या खटल्याकडे डोळे लावून बसला होता. कोर्टात फोटोला परवानगी नव्हती. सालोमन हॅट घेऊन आत गेला. त्या हॅटला भोक पाडलेलं होतं आणि भोकामागे एर्मानॉक्सची लेन्स होती. फोटो उलश्टाइनच्या बर्लिनर इलुस्ट्रीर्टे या साप्ताहिकात छापून आले. लोकांनी पहिल्यांदा कोर्ट चालू असताना दिसतं तसं बघितलं. खरं तर हे फोटो चोरून काढलेले. आरोपीनं त्याला परवानगी दिली नव्हती, कोर्टानंही नाही. आज असं केलं तर गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाही हवा. पण त्या फोटोंनी सालोमनची नोकरी सुटली आणि नवा पेशा सुरू झाला. तो स्वतःला चित्र-पत्रकार म्हणवून घ्यायला लागला, आणि नावामागचं डॉक्टर त्यानं कधी सोडलं नाही.

हॅट आणि बॅगा ही त्याची प्रसिद्ध बाजू. पुस्तकं आतून कोरून त्यात कॅमेरा लपवायचा, हेही त्यानं केलं. पण त्याची खरी जादू लपवण्यात नव्हती. तो उत्तम शिवलेला काळा कोट घालून, पाहुण्यांसारखाच दिसत आत शिरायचा. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी सहज बोलायचा. पुढाऱ्यांच्या जेवणात, गप्पांत मिसळायचा. दारावरच्या माणसाला वाटे, हे कुठल्यातरी देशाचे साहेब. कॅमेरा तर तळहातापेक्षा थोडा मोठा, तो स्टँडवर ठेवून बाजूला उभा राहिला तरी कुणाला खटकत नसे. भडका नाही, धूर नाही. थोड्या वेळानं लोक विसरूनच जात.

ऑगस्ट १९२८ मध्ये पॅरिसला पंधरा देशांचे प्रतिनिधी युद्धबंदीच्या केलॉग-ब्रियां करारावर सह्या करायला जमले. तिथे सालोमन एका प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीवर खुशाल जाऊन बसला आणि तिथून फोटो काढले, अशी गोष्ट त्याच्या नावावर सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात स्वित्झर्लंडच्या लुगानोत राष्ट्रसंघाची बैठक झाली. जर्मनीचे श्ट्रेझेमान, फ्रान्सचे ब्रियां आणि ब्रिटनचे चेंबरलेन हॉटेलच्या खोलीत खुर्च्या ओढून बसलेत, कुणी हात हलवून बोलतोय, कुणी ऐकतोय. दहा वर्षांपूर्वी एकमेकांच्या देशातली पोरं मारणाऱ्या देशांचे मंत्री. ओळीत बसवून काढलेल्या फोटोत हे कधीच आलं नसतं.

त्याच्या कामातलं सगळ्यात शहाणं निरीक्षण जानेवारी १९३० च्या फोटोत दिसतं. हेगमध्ये जर्मनीनं युद्धाची भरपाई किती द्यायची यावर परिषद चालू होती. मध्यरात्र कधीच उलटून गेलेली. मंत्री सोफ्यांवर, खुर्च्यांत लवंडलेले, कुणाची मान खाली गेलेली, कुणाचे डोळे मिटलेले. शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणाऱ्या फोटोग्राफरला याहून चांगलं गिऱ्हाईक कोण? दमलेला माणूस हलत नाही.

कमी उजेडात कार्यक्रमाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती आजही लागू पडते. हालचाल चालू असते, पण ती अखंड नसते. गायक तान संपवून समेवर येतो तेव्हा क्षणभर थांबतो. वक्ता वाक्य संपवून समोर बघतो. नट संवादाआधी श्वास घेतो. ऐकणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा नेहमीच स्थिर असतो. सालोमन अशा थांब्यांची वाट बघायचा. प्लेट एकच असल्यामुळे त्याला दुसरा इलाजही नव्हता. आज सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर हे शिकणं उलट अवघड झालंय.

लंडनच्या ग्राफिक या साप्ताहिकानं त्याचे फोटो छापले आणि त्या पद्धतीला नाव दिलं कॅन्डिड कॅमेरा. लग्नाच्या पॅकेजमधला शब्द चिकटला तो तिथून.

एव्हाना सालोमन स्वतःच प्रसिद्ध झाला होता. आधी त्याला दारात अडवायचे, आता तो दिसला नाही तर पुढारी विचारायचे, की बैठक महत्त्वाची नाही की काय. फ्रान्सचे ब्रियां त्याला आगाऊ लोकांचा राजा म्हणायचे. १९३१ मध्ये पॅरिसला परराष्ट्र खात्यात जेवण होतं. सालोमनला आमंत्रण नव्हतं, पण तो येणारच याची ब्रियां यांना खात्री होती. आणि खरंच तो एका कोपऱ्यात उभा दिसला. ब्रियां यांनी हसत थेट त्याच्याकडे बोट दाखवलं, बाकीचे वळून बघायला लागले, आणि नेमक्या त्या क्षणी सालोमननं शटर दाबलं. पकडलं जाण्याच्या क्षणाचा फोटो पकडलेल्यानंच काढला. त्याच्या सगळ्या फोटोंत हाच बहुतेक सर्वात जास्त वेळा छापला गेला असेल.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या स्वागताला आइनस्टाइन आले होते. दोघं गप्पांत रंगलेत, आइनस्टाइन हात उचलून काहीतरी समजावतायत, असा फोटो सालोमनचा आहे. हॉलिवूडमध्ये त्यानं मार्लेन डीट्रिश या नटीला बर्लिनमधल्या आपल्या लहान मुलीशी फोनवर बोलताना टिपलं. बड्या लोकांच्या बेसावध क्षणांचं त्याचं पुस्तकही १९३१ मध्येच निघालं.

अमेरिकेत त्यानं एक उद्योग केला, तो आजही सांगितला जातो. तिथल्या सुप्रीम कोर्टात कामकाज चालू असताना फोटो काढायला सक्त मनाई होती. सालोमन हात मोडल्याचं नाटक करून, गळ्यात झोळी अडकवून आत गेला. कॅमेरा त्या झोळीत होता. फोटो १९३२ मध्ये फॉर्च्यून मासिकात छापून आला. कामकाज चालू असलेल्या त्या कोर्टाचे जगाला माहीत असलेले फोटो दोनच, त्यातला एक हा. आजही तिथे कॅमेऱ्याला प्रवेश नाही.

पुढे त्यानं एर्मानॉक्स बाजूला ठेवला आणि रोलवर चालणारा लायका घेतला. प्लेट बदलायची कटकट गेली, एका रोलवर ३६ फोटो निघायला लागले.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. काही आठवड्यांत ज्यू पत्रकारांना वर्तमानपत्रांतून काढायला सुरुवात झाली. उलश्टाइन कुटुंबही ज्यूच होतं, पुढच्या वर्षी त्यांची कंपनी त्यांच्या हातून काढून घेतली गेली. ज्याला युरोपातले सगळे परराष्ट्रमंत्री नावानं ओळखत होते, त्या सालोमनला स्वतःच्या शहरात काम उरलं नाही. तो बायकोच्या देशात, नेदरलँड्सला गेला आणि हेग शहरात राहायला लागला. तीन वर्षांपूर्वी जिथे पेंगणारे मंत्री टिपले, तेच हे हेग.

तिथेही त्याचं काम चालू राहिलं. डच संसद, राजघराणं आणि वाद्यवृंदाच्या मैफलीसुद्धा. कॉन्सर्ट हॉल म्हणजे त्याच्यासाठी जुनंच कोडं होतं. मंद उजेड, पूर्ण शांतता आणि एका जागी न थांबणारे हात.

या काळात अमेरिकेचं दार त्याला उघडं होतं. लाइफ मासिकाकडून बोलावणं आलेलं. त्याच्यासारख्या माणसाला तिथे कामाची ददात पडली नसती. तो गेला नाही. नेदरलँड्स पहिल्या महायुद्धात तटस्थ राहिलं होतं, याही वेळी राहील असं तिथल्या बहुतेकांना वाटत होतं. थोरला ओट्टो मात्र इंग्लंडला गेला. तिथे त्यानं पीटर हंटर असं नाव घेतलं आणि तोही फोटोग्राफर झाला.

१० मे १९४० ला जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. पाच दिवसांत देश पडला. मग एकेक करून नियम आले. ज्यूंनी नाव नोंदवायचं, अमुक बागेत जायचं नाही, तमुक नोकरी करायची नाही. १९४२ मध्ये कोटावर पिवळा तारा शिवायची सक्ती झाली आणि त्याच उन्हाळ्यात माणसं भरलेल्या गाड्या पूर्वेकडे जायला लागल्या. नेदरलँड्समधून अशा सुमारे १,०७,००० ज्यूंना नेलं गेलं. त्यातले जेमतेम पाच हजार परत आले.

सालोमन कुटुंब लपून बसलं. आयुष्यभर नको तिथे आत शिरलेल्या माणसाला आता एका घरातून कुणाच्या नजरेस न पडता राहायचं होतं. काही काळ ते जमलंही. मग मीटर वाचायला येणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं, की या घरात राहणाऱ्या माणसांच्या मानानं गॅस जास्त जळतोय. त्यानं ती खबर पोचवली.

कुटुंबाला आधी वेस्टरबोर्कच्या छावणीत नेलं, तिथून तेरेझिनश्टाटला. तिथे जवळपास पाच महिने काढल्यावर मे १९४४ मध्ये आउश्वित्झला. ७ जुलै १९४४ ला एरिख सालोमन तिथे मारला गेला. वय ५८. मॅगी आणि धाकटा दिर्क, दोघंही वाचले नाहीत.

जर्मनीत १९७१ पासून उत्तम चित्र-पत्रकारितेसाठी त्याच्या नावानं पुरस्कार दिला जातो. पण त्याचे फोटो आज बघायला मिळतात ते एका वेगळ्या कारणानं. पकडलं जाण्याआधी सालोमननं आपल्या निगेटिव्ह दोन ठिकाणी ठेवल्या होत्या. काही डच संसदेच्या ग्रंथालयात, जिथे तो वर्षानुवर्षं फोटो काढायला जात होता. आणि काही एका ओळखीच्या माणसाकडे, कोंबड्यांच्या खुराड्यात जमिनीखाली पुरून.

युद्ध संपल्यावर ओट्टो इंग्लंडहून परत आला आणि बापाचं काम गोळा करायला लागला. खुराड्यातल्या निगेटिव्हना ओल लागली होती, त्यातल्या बऱ्याच खराब झाल्या. संसदेच्या ग्रंथालयातल्या जशाच्या तशा सापडल्या. तो सगळा संग्रह आता बर्लिनच्या बर्लिनिशे गॅलरीत आहे.